सर्वांना सोयीची तारीख शोधत बसू नका

प्रश्न: आम्ही महाविद्यालयापासूनच्या सहा मैत्रिणी आहोत आणि सगळ्या कोल्हापुरातच राहतो. दरवर्षी दोन दिवसांची सहल काढायचे ठरते, पण सर्वांना सोयीची तारीख मिळत नाही आणि बेत बारगळतो. सर्वांना जमेल अशी तारीख कशी काढावी? जवळपास कुठे जावे आणि खर्चाचे कसे करावे?

उत्तर:

सर्वांना जमेल अशी तारीख निघत नसते, आणि ती काढण्याच्या खटपटीतच तुमचा बेत दरवर्षी बारगळतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी ठिकाण ठरवा, त्या ठिकाणाला जी तारीख योग्य असेल ती धरा, आणि त्या तारखेला जितक्या जणी येतील तितक्यांनी निघा. हे वाचायला कठोर वाटेल याची मला कल्पना आहे. याच मुद्द्यावरून माझ्या सर्वांत जुन्या मैत्रिणीशी माझा वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून मी लिहायला बसले आहे.

आम्ही शाळेपासूनच्या सातजणी. कुणी बँकेतून निवृत्त झाली, कुणी शिक्षिका आहे, एकीचे महाद्वार रोडवर दुकान आहे, दोघींची घरे अजून एकत्र कुटुंबाची आहेत. वर्षातून एकदा दोन दिवस बाहेर पडायचे आणि एखादे ठिकाण नीट पाहायचे, असे आमचे तरुणपणापासून ठरलेले होते. परंतु प्रत्यक्षात बरीच वर्षे आम्हीही तुमच्यासारख्याच तारखा शोधत राहिलो. एका वर्षी कास पठाराचा बेत सप्टेंबरमध्ये ठरला. मग एकीच्या मुलाची परीक्षा आली, दुसरीकडे पाहुणे आले, तिसरीकडे नवरात्रीचे घट बसायचे होते, आणि प्रत्येक वेळी सर्वांनी समजूतदारपणे बेत पुढे ढकलला. अखेर आम्ही दिवाळीनंतर कासला पोहोचलो. तेरडा, सीतेची आसवे, गेंद यांतले काही म्हणजे काही नव्हते. होते ते वाळलेले गवत आणि खडकावर वाळलेले शेवाळ. सातही जणी आलो होतो, एकमेकींसोबत होतो, आणि जे पाहायला गेलो होतो ते तेवढे नव्हते. कासचा बहर ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरात ओसरतो, त्याला आमच्या घरच्या अडचणींशी काही देणेघेणे नाही, हे मी त्याआधीही सांगत होते.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट खरे तर वेगळी सांगावी लागू नये. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आपण लहानपणापासून पाहतो. 31 जानेवारीपासून 2 फेब्रुवारीपर्यंत आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे गाभाऱ्यात येतात, चरणांपासून चढत मुखापर्यंत जातात, आणि ज्याला ती पाहायची असतात तो आपली कामे बाजूला ठेवून त्या दिवशी महाद्वारापाशी हजर राहतो. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळाही तसाच. कृष्णेचे पाणी चढून पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडेल तोच त्याचा मुहूर्त. देवाच्या बाबतीत आपल्याला हे सहज मान्य असते. आपल्या स्वतःच्या आनंदाची वेळ आली की मात्र तीच तारीख सर्वांत आधी सोडून द्यायची, अशी आपल्याला सवय लागली आहे.

आता मूळ प्रसंग सांगते. एका वर्षी मी खिद्रापूरचा आग्रह धरला. कोल्हापूरपासून साठेक किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले कोपेश्वर मंदिर आमच्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी दुपारच्या उन्हात घाईने पाहिले होते. मला ते कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री पाहायचे होते. मंदिराच्या पुढच्या बाजूस जो स्वर्गमंडप आहे, त्याच्या 48 खांबांच्या मधोमध छतच नाही. वर मोठे गोल गवाक्ष मोकळे आहे आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल, एकसंध शिळा बसवलेली आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असल्यामुळे त्याच मानाने उत्तरेकडे असतो, आणि खिद्रापूरचे अक्षांश साधारण साडेसोळा अंश असल्याने मध्यरात्रीच्या आसपास तो जवळजवळ डोक्यावर येतो व त्याचा प्रकाश थेट त्या शिळेवर उतरतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी तिरकी असल्यामुळे दरवर्षी तो अगदी मध्यावर येतोच असे नाही, पण फार दूरही जात नाही. हे सर्व मी मैत्रिणींना श्रावणातच समजावून सांगितले होते, सर्वांनी होकार दिला होता आणि नृसिंहवाडीत दोन खोल्याही सांगून ठेवल्या होत्या.

निघायला दहा-बारा दिवस राहिले असताना मंगळवार पेठेतील आमच्या मैत्रिणीच्या दिराच्या मुलाचा साखरपुडा नेमका त्याच दिवशी ठरला. तुळशीची लग्ने लागली की आपल्याकडे कार्यांची रीघ लागते, तेव्हा त्यात नवल काही नव्हते. ती घरातली थोरली सून, तिला तिथे उभे राहणे भागच होते आणि त्याबद्दल कुणीही तिला बोल लावला नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की आठ दिवस पुढे जाऊ या, म्हणजे सगळ्याजणी मिळून जाता येईल. मी तिला सांगितले की आठ दिवसांनी मध्यरात्री चंद्र जेमतेम उगवत असेल, तो छतातल्या गवाक्षात कुठून येणार? त्यावर ती म्हणाली, "अगं, चंद्र काय दरवर्षी उगवतोय. मी काय दरवर्षी अशीच असणार आहे का?"

तिचे हे वाक्य ऐकून उरलेल्यांपैकी दोघी लगेच विरघळल्या. दुकानवाली म्हणाली की तिला वगळून जाणे बरे दिसत नाही. शिक्षिका म्हणाली की खिद्रापूर कुठे पळून जात नाही. मी मात्र हटले नाही. मी स्वच्छ सांगितले की मी जाणार आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, आणि कुणीही आले नाही तर मी एकटी एसटीने कुरुंदवाडपर्यंत जाऊन पुढची सोय बघेन. शेवटी पाचजणी निघालो, कारण आणखी एकीने मंगळवार पेठेच्या मैत्रिणीला सोबत म्हणून घरी राहणे पसंत केले. त्या निर्णयाचा मला त्या वेळी रागच आला होता, आणि तो बरोबर होता असे मला अजूनही वाटत नाही, कारण एकीचे हुकले म्हणून दुसरीने हुकवल्याने पहिलीला काय मिळाले?

दुपारचे जेवण आटोपून भाड्याची गाडी करून आम्ही हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ अशा वाटेने निघालो. जयसिंगपुरात भडंग घेतले. वाडीत पौर्णिमेमुळे तोबा गर्दी होती. संगमावर हातपाय धुऊन, दर्शन करून बासुंदी खाल्ली आणि खोलीवर जरा पाठ टेकली. रात्री नवाच्या पुढे कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरकडे निघालो. हंगाम सुरू झालेला असल्याने रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालले होते, त्यांतल्या बऱ्याचशांना मागे दिवा नव्हता, त्यामुळे चालकाला मी गाडी हळूच चालवायला लावली. रात्री त्या रस्त्याने जाणार असाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

मंदिरात पोहोचलो तेव्हा पणत्या लागलेल्या होत्या आणि माणसे मंडपाच्या कडेने बसून होती. पायाखालचा दगड थंडगार होता. बँकेतल्या मैत्रिणीचे गुडघे दुखतात म्हणून चटई नेली होती, तिच्यावर तिला खांबाला टेकून बसवले. ते खांब रात्री जवळून पाहावेत. कातकाम केल्यासारखी त्यांवरची वर्तुळे इतकी गुळगुळीत आहेत की पणतीची ज्योत प्रत्येक कड्यात वेगळी चमकते. चंद्र अजून पूर्वेला होता, त्यामुळे गवाक्षातून आलेला उजेड आधी पश्चिमेकडच्या खांबांवर पडला होता. तो बघता बघता खांबाच्या बुंध्याशी आला, मग फरशीवर उतरला, आणि नंतर इतका सावकाश सरकू लागला की हलताना दिसत नव्हता. फक्त फरशीचा जो सांधा मघाशी काळा होता तो आता पांढरा झाला आहे, एवढे कळायचे. वर गवाक्षाच्या कडेला कोरलेले दिक्पाल आणि त्यांची वाहने आधी नुसत्या काळ्या आकृत्या होत्या, त्यांतल्या एकेकाची कड उजळत गेली. कुणीतरी विनंती केली म्हणून लोकांनी मोबाइलचे दिवे बंद केले. मग तो उजेडाचा गोल शिळेवर चढला आणि हळूहळू तिच्या काठाला काठ जुळवत गेला. शिक्षिका शेजारच्या लहान मुलांना चंद्राची उंची आणि अक्षांश समजावून देत होती. जी बाई खिद्रापूर कुठे पळून जात नाही म्हणत होती, तीच. दुकानवालीने पुढे वाकून दोन्ही हात त्या उजेडात धरले आणि ते बराच वेळ तसेच ठेवले. लग्नानंतर इतक्या रात्री घराबाहेर, घरच्या कुणाशिवाय, ती पहिल्यांदाच बसली होती, हे तिने आम्हाला परतीच्या वाटेवर सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा खिद्रापूरला गेलो, कारण बाहेरचे गजपीठ आणि भिंतींवरच्या मूर्ती दिवसाच पाहाव्या लागतात. यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकातला संस्कृत लेख तिथे आहे. मंदिर मात्र त्याच्या आधीचे, मुख्यतः शिलाहारांच्या काळातले. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत, म्हणजे शिव आणि विष्णू शेजारी शेजारी आहेत, आणि शिवाचे मंदिर असूनही समोर नंदी नाही. सती माहेरच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली आणि मागे राहिलेला शिव कोपला, म्हणून हा कोपेश्वर, अशी कथा आहे. त्याचा नंदी नदीपलीकडे कर्नाटकात येडूरला दाखवतात. गावातले जैन मंदिरही पाहिले. एक ठिकाण, दोन वेळा, सावकाश. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत सात देवळे आणि दोन धबधबे उरकणाऱ्या सहलींना मी जात नाही.

मंगळवार पेठेच्या मैत्रिणीला मी त्याच रात्री छायाचित्रे पाठवली. इतरांना ते पटले नव्हते, पण तिच्यापासून लपवून ठेवणे मला अधिक वाईट वाटले असते. तिने उत्तर दिले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात मात्र भरल्या घरात ती म्हणाली, "या बायका मला टाकून चंद्र बघायला गेल्या," आणि तेव्हापासून हे वाक्य दर कार्यक्रमात मला ऐकावे लागते.

तिथे चारचौघींत मी काही बोलले नाही, म्हणून माझे म्हणणे इथे मांडते. मी दरवर्षी अशीच असणार आहे का, हा तिचा प्रश्न अगदी खरा होता, आणि नेमक्या त्याच कारणासाठी आम्ही जायला हवे होते. गुडघे आज चालतात, सासूबाई आज हिंडत्याफिरत्या आहेत, नातवंडे अजून झालेली नाहीत. पुढे ढकललेले वर्ष हातात राहत नाही, ते गेलेलेच असते. दुसरे असे की, आपण आपली तारीख जितक्या वेळा हलवतो, तितक्या वेळा घरच्यांना कळते की हिची ही एकच गोष्ट हलवता येते. साखरपुड्याची तारीख ठरवताना घरातल्या प्रत्येकाची अडचण विचारली गेली होती, पाहुण्यांची, गुरुजींची, कार्यालयाची; थोरल्या सुनेचा त्या दिवशी काही बेत आहे का, हे कुणी विचारले नाही, कारण तिने तो घरी पक्का म्हणून सांगितलेलाच नव्हता. "बघू, जमलं तर जाईन," एवढेच ती बोलली होती. आपल्या गावातल्या पुरुषांचे रस्सा मंडळ एकाला जमत नाही म्हणून थांबल्याचे मी कधी पाहिलेले नाही. ज्याला जमत नाही त्याच्या वाटणीचा रस्सा बाकीचे पितात, पुढच्या वेळी तो येतो, आणि दोस्तीला काही होत नाही. बायकांच्या मैत्रीलाच एवढे नाजूक का समजायचे?

त्यानंतरच्या वर्षी आम्ही बदामीला गेलो. तारीख मी फेब्रुवारीतच सर्वांना कळवली आणि मंगळवार पेठेच्या मैत्रिणीने ती त्याच आठवड्यात घरच्या दिनदर्शिकेवर शाईने लिहिली. त्या दिवसांत तिच्या माहेरी एक बारसे आले, ते तिने आधीच्या रविवारी घ्यायला लावले. बेळगाव येईपर्यंत गाडीत तिने खिद्रापूरवरून माझ्याशी पुन्हा वाद घातला, पण तो वाद ती गाडीत बसून घालत होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता तुमच्या उरलेल्या प्रश्नांकडे येते. खर्चासाठी भिशी लावा. दरमहा प्रत्येकीने ठरलेली रक्कम एकीकडे जमा करायची आणि वर्षाअखेर ती सहलीला वापरायची, म्हणजे ऐनवेळी कुणाला घरी पैसे मागावे लागत नाहीत. जी आयत्या वेळी येणार नाही तिला जेवणाखाण्याचा वाटा परत द्यावा. गाडी आणि खोलीचा वाटा देऊ नये. हा नियम पहिल्याच महिन्यात सर्वांसमोर बोलून ठेवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणार असाल तर मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खासगी गाडीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते, तेवढे लक्षात असू द्या.

ठिकाणे तुम्हाला ठाऊक असतीलच, मी फक्त वेळा सांगते. राधानगरीचे काजवे मेच्या अखेरीस, वळवाचे दोन पाऊस झाले की. कास सप्टेंबरात, आणि तिथे शनिवार-रविवार टाळून आधी नोंदणी करावी. बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे हिवाळ्यात, त्यासाठी दोन मुक्काम हवेत. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ.स. 578 चा लेख आहे, आणि अगस्त्य तलावाच्या काठावरून तांबडे कडे संध्याकाळी पाहावेत, सकाळी नव्हे. बनशंकरीची यात्रा पौष पौर्णिमेला असते, तेव्हा खोल्या मिळणार नाहीत. विजापूरचा गोल घुमट सकाळी लवकर गाठावा, शाळांच्या सहली येण्याआधी, नाहीतर त्या सज्जात कुजबुज ऐकू येणार नाही. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते; दोन्ही करायचे असेल तर बुधवारनंतरच निघा.

काही गोष्टी राहिल्या. तारीख हलवायची नाही असे मी म्हणते, ते साखरपुडे, बारशी, पाहुणे, परीक्षा यांच्या बाबतीत. आमच्यातल्या कुणाच्या घरी गंभीर आजारपण असेल किंवा दुःखद घटना घडली असेल, तर आम्ही सहल रद्द करतो, पुढे ढकलत नाही. त्या वर्षी त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन बसतो. ज्यांची मुले लहान आहेत त्यांना माझा नियम जड जाईल, त्यांनी दोन दिवसांऐवजी एक दिवस धरावा. एखादीची पैशाची अडचण असेल तर भिशीची रक्कम तिला झेपेल एवढीच ठेवा आणि ठिकाण त्याप्रमाणे निवडा; वर्गणी सर्वांची सारखीच असावी.

आणि यंदा खिद्रापूरचा विचार असेल, तर वाडीतली खोली दिवाळीच्या बऱ्याच आधी सांगून ठेवा, कारण पौर्णिमेला तिथे दत्तभक्तांची गर्दी असते. मंदिरात दहाच्या आत पोहोचा म्हणजे शिळेच्या जवळ बसायला जागा मिळेल. सोबत चटई, शाल आणि पाणी घ्या, आणि चालकाला रात्रीचे जेवण वेळेवर द्या.